हत्यार जमा

आचारसंहिता लागली की आमच्या घरी
एकाच वस्तूची दिवाळी निघते.
सावद्याच्या ठाण्यात जमाच करायचं आहे,
पण कळकट कसं द्यायचं, म्हणतात भाऊ,
तडवी हवालदार नळी डोळ्याला लावून पाहतो.

यंदा हात माझे.
भाऊंची उजवी बोटं दोन वर्षं झाली
नसलेली तंबाखू मळत असतात दिवसभर.
ते झोपाळ्यावर, मी खाली सतरंजीवर,
मधे कालचा पेपर, केळीच्या भावांचं पान वर.
मागचं दार उघडं, वास जायला.
"तोंड भितीकडे ठेव. मानसाकडे नाई,
बकरीकडेबी नाई."

मॅगझिन काढलं.
स्लाइड मागं ओढून अडकवली.
आत पाहिलं. रिकामं.
"पुन्हा पाह्य."
पाहिलं.
"बोट घालून पाह्य व माय.
डोयाले उजेड फसवते,
बोटाले नाई फसवत."
करंगळी घातली. गार,
दात पडलेल्या हिरडीसारखं.

गोळ्या या खोलीत नसतात.
त्या मायच्या कपाटात, किल्ली तिच्या पोतीत.
भिंतीपलीकडे ती मोजते आहे, मोठ्यानं,
आम्हाला ऐकू यावं म्हणून.

मग ते सुटत गेलं.
स्लाइड, स्प्रिंग, नळी, मूठ.
एवढंसं पिस्तूल, तळहातात मावणारं,
सुटं झाल्यावर पानभर पसरलं.
नवतीचा भाव झाकला, कांदेबागाचा अर्धा.

ब्रश मागून पुढं, एकाच दिशेनं.
मग चिंदी, मायच्या जुन्या लुगड्याची,
किरमिजी गेली, राखाडी आली.
दुसरी. तिसरी.
बाहेर पडते ती नुसती धूळ आणि जुनं तेल.
बऱ्हाणपूरहून रोकड आणायचे तेव्हा घेतलेलं हे,
आता पैसा फोनवर येतो, टुंग करून.
सबंध आयुष्यात चार बार उडाले,
मामाच्या बांधावरच्या मडक्यावर.
मडकं अजून आहे. मामी त्यात चिंचा ठेवते.

"तेल थेंबभर. फोडनी नाई द्यायची."
एप्रिलातच पंचेचाळीस इथं,
जास्तीचं तेल वाऱ्यावरच्या मातीला
जेवायला बोलावतं.

आठ वर्षांची होते.
दहातली एक गोळी कमी भरली होती.
घर उपसलं त्यांनी, पलंग, कणगी, बाजेच्या सुतळ्या,
गड्याला विचारताना आवाज चढला,
मग त्याची माफी मागितली.
सापडली माझ्या कंपासमध्ये,
गुण्या आणि खोडरबर यांच्या मधे.
मला तिचं पितळ आवडलं होतं, इतकंच.
दिवसभर शाळेत मी तिला
पेन्सिलीशेजारी झोपवत होते.

मारलं नाही त्यांनी.
ओट्यावर बसून राहिले दिवे लागेपर्यंत,
हातात कंपास, झाकण उघडं.
दुसऱ्या दिवशी कपाट आलं, जळगावहून, टेम्पोत.

जोडलं सगळं. स्लाइड दोनदा ओढून सोडली,
भिंतीकडे तोंड धरून खटका दाबला,
टक्.
झोपाळा थांबला तेवढ्यापुरता.
"पुन्हा पाह्य."
पाहिलं. बोटानं.
चिंद्या चुलीत नाही, मातीत पुरल्या.
हात साबणानं दोनदा, कोपरापर्यंत,
मगच भाकरी.

"दहा," भिंतीपलीकडून माय.
"दहा?" भाऊ.
"दहाच हो, किती वेया."

पेटीला कुलूप. परवाना खिशात.
रिक्षा दारात येऊन उभी आहे,
भाऊ चपला शोधताहेत, बोटं तंबाखू मळताहेत.
मी आत गेले, पोरीचं दप्तर घेतलं.
धृती चिडली, काय शोधतेस म्हणाली.
कंपास उघडला.
करकटक, शार्पनर, एक चिंचोका,
मैत्रिणीनं दिलेली चमकी.

पाहिलं.
मग बोट घालून पाहिलं.